पाणी कशाला म्हणावे? : अमेरिकेतील एका व्याख्येचा अर्धशतकी वाद

(शेती, पाणी आणि कायदा या विषयावरील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

शेतात बांधाचे जे स्थान असते, तेच कायद्यात व्याख्येचे असते. बांध हातभर सरकला की दोन भावकींतील संबंध पिढ्यान्‌पिढ्या दुरावतात, हे गावाशी नाते असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कायद्यातील व्याख्येचेही तसेच आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की लाखो एकर जमीन शासनाच्या अधिकारकक्षेत येते किंवा तिच्याबाहेर जाते. जमीन जागेवरच असते, पाणीही जागेवरच असते. बदलते ते एवढेच की, त्या जमिनीवर नांगर घालण्यापूर्वी मालकाला कोणाची परवानगी घ्यावी लागेल.

या सत्याचा सर्वांत बोलका अनुभव गेल्या अर्धशतकात अमेरिकेच्या शेतकऱ्याने घेतला आहे. जगातील सर्वांत संपन्न समजल्या जाणाऱ्या या देशात १९७२ पासून एका साध्या प्रश्नावर वाद चालू आहे : ‘पाणी’ कशाला म्हणावे? नदी हे पाणी आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही. पण नदीला मिळणारा ओढा? ओढ्याला मिळणारा, पावसाळ्यात आठ दिवस वाहून कोरडा पडणारा ओहोळ? शेताच्या कडेने निचऱ्यासाठी खणलेला चर? पाणथळ जमीन? गुरांसाठी केलेले तळे? यांपैकी काय ‘राष्ट्राचे पाणी’ आणि काय शेतकऱ्याच्या मालकीचे, याचे उत्तर देताना त्या देशाची संसद, अनेक राष्ट्राध्यक्षांची प्रशासने आणि सर्वोच्च न्यायालय यांची दमछाक झाली आहे. हा वाद परका असला तरी त्यातून उभे राहणारे प्रश्न परके नाहीत.

कायद्याची गरज होती

कोणत्याही वादाचा विचार करताना दोन्ही बाजूंना न्याय दिला पाहिजे. अमेरिकेतील जलप्रदूषणाचा कायदा काही अधिकाऱ्यांच्या हौसेखातर झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या औद्योगिक भरभराटीत तेथील नद्या अक्षरशः गटारे झाल्या होत्या. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरातून वाहणाऱ्या कायहोगा नदीवरील तेलाच्या तवंगाने २२ जून १९६९ रोजी पेट घेतला. नदी जळण्याचा तेथील तो पहिला प्रसंग नव्हता. परंतु या वेळी राष्ट्राच्या मनाला चटका बसला. १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकीर्दीत पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ‘ई.पी.ए.’, स्थापन झाली. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने जलप्रदूषण नियंत्रणाचा व्यापक कायदा केला. खर्चाच्या मुद्द्यावर निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तो नकाराधिकार दोन्ही सभागृहांनी प्रचंड बहुमताने झुगारून दिला. ‘क्लीन वॉटर ॲक्ट’ या नावाने ओळखला जातो तो हाच कायदा.

या कायद्याने दोन प्रकारचे परवाने आवश्यक केले. कारखान्याच्या अथवा नगरपालिकेच्या नळावाटे घाण पाणी सोडायचे असेल तर एक परवाना. पाण्यात माती, मुरूम, गाळ अशी भर टाकायची असेल तर दुसरा. आणि हा दुसरा परवाना देण्याचे काम लष्कराच्या अभियांत्रिकी दलाकडे आले. शेतीशी लष्कराचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. परंतु जलमार्ग मोकळे ठेवण्याची जबाबदारी १८९९ च्या कायद्यापासून याच दलाकडे होती, त्यामुळे हा वारसाही त्याच्याकडेच गेला. शहरातील कारखानदाराचा संबंध मुख्यतः पहिल्या परवान्याशी येतो. शेतकऱ्याचा आणि भूखंडधारकाचा संबंध येतो तो या दुसऱ्याशी.

कायद्याची फळे नाकारता येणार नाहीत. क्लीव्हलँडच्या नदीत आज मासे आहेत. प्रश्न निर्माण झाला तो कायद्याच्या हेतूमुळे नव्हे, तर त्याच्या व्याख्येमुळे.

व्याख्या नसलेली व्याख्या

कायदा ‘नौकानयनयोग्य जले’ यांना लागू आहे. नौकानयनयोग्य जले म्हणजे काय? तर ‘संयुक्त संस्थानांची जले’, असे कायदा सांगतो. आणि संयुक्त संस्थानांची जले म्हणजे काय? येथे कायदा मौन धारण करतो. एका संदिग्ध शब्दाचे स्पष्टीकरण दुसऱ्या संदिग्ध शब्दाने करून संसदेने पुढचे काम अधिकाऱ्यांवर सोपवले. लोकप्रतिनिधींनी टाळलेला निर्णय अखेर नोकरशाहीने घ्यावयाचा आणि त्याची निस्तरणी न्यायालयाने करावयाची, हा लोकशाहीतील जुना रोग आहे आणि त्यावर कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

लष्कराच्या अभियंत्यांनी आरंभी या शब्दांचा अर्थ संकुचित घेतला : ज्यात नावा चालतात अशा नद्या, सरोवरे आणि समुद्रकिनारा. १९७५ मध्ये वॉशिंग्टन येथील न्यायालयाने तो अर्थ अपुरा ठरवला आणि कक्षा रुंदावण्यास भाग पाडले. मग उपनद्या आल्या, त्यांचे ओढे आले, लगतच्या पाणथळ जागा आल्या. १९८६ मध्ये तर स्थलांतर करणारे पक्षी जेथे उतरतात ते पाणीही केंद्राच्या कक्षेत आहे, असे स्पष्टीकरण देण्यात आले. पक्षी राज्यांच्या सीमा ओलांडतात, म्हणून ज्या डबक्यावर ते बसतात ते डबके आंतरराज्यीय, असा हा युक्तिवाद होता.

पाणथळ ओळखण्यासाठी लष्कराच्या दलाने १९८७ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. माती कोणत्या प्रकारची आहे, त्यावर कोणत्या वनस्पती उगवतात आणि जमिनीत पाणी किती काळ साठून राहते, अशा तीन कसोट्या तीत आहेत. शास्त्रीय दृष्टीने त्या योग्य असतीलही. परंतु त्यांचा परिणाम असा की, वर्षातील बहुतेक दिवस कोरडी दिसणारी, जिच्यावर बूट न भिजवता चालता येते अशी जमीनही कायद्याच्या दृष्टीने ‘पाणी’ ठरू शकते. स्वतःच्या शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपण जमिनीवर उभे आहोत की ‘संयुक्त संस्थानांच्या जलात’, हे तज्ज्ञ बोलावल्याखेरीज कळत नाही.

सूट आहे, पण

शेतकऱ्याचा विचार कायद्याने केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९७७ च्या दुरुस्तीने नांगरणी, पेरणी, मशागत, कापणी, किरकोळ निचरा, गुरांसाठी तळी, पाटांची देखभाल अशा ‘नेहमीच्या’ शेतीकामांना दुसऱ्या परवान्यातून सूट दिली. ओलिताचे परतणारे पाणी आणि पावसाबरोबर शेतातून वाहून जाणारे पाणी यांनाही पहिल्या परवान्यातून वगळण्यात आले. पूर्वीच पिकाखाली आणलेल्या पाणथळ जमिनी १९९३ मध्ये नियमाने वगळल्या गेल्या.

मग अडचण कोठे आहे? ती ‘नेहमीच्या’ या शब्दात आहे. सूट मिळते ती चालू असलेल्या शेतीला. जमीन दीर्घकाळ पडीक राहिली, चराऊ कुरण होते ते फोडून बाग लावायची ठरली, म्हणजे जमिनीचा वापर बदलला आणि त्यामुळे पाण्याचा प्रवाह अडला, तर ती सूट परत घेण्याची तरतूद त्याच कलमात आहे. शेती म्हणजे कारखाना नव्हे. बाजार, पाऊस, मनुष्यबळ यांप्रमाणे शेतकरी जमीन पडीक टाकतो, पुन्हा उठवतो, पीक बदलतो. कागदावरील ‘नेहमी’ आणि शिवारातील ‘नेहमी’ यांत अंतर पडते ते येथे.

कॅलिफोर्नियातील तेहामा परगण्यातील जॉन ड्यूआर्ट यांच्या रोपवाटिका कंपनीचे प्रकरण या संदर्भात देशभर गाजले. २०१२ च्या अखेरीस या कंपनीने आपल्या सुमारे ४५० एकर जमिनीवर गहू घेण्यासाठी नांगरट केली. त्या जमिनीत पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात आटणारी लहान लहान खळगी होती. २०१३ च्या फेब्रुवारीत लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने काम थांबवण्याची नोटीस दिली. अनेक वर्षे न पिकवलेल्या जमिनीत अवजार खोलवर घालून पाणथळ जागांची हानी केली, हे सरकारचे म्हणणे. ही साधी नांगरणी असून तिला कायद्याने सूट आहे, हे कंपनीचे. २०१६ मध्ये न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला आणि २०१७ मध्ये ११ लाख डॉलरवर तडजोड झाली. दंड आणि अन्यत्र पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी द्यावयाची रक्कम यांचा त्यात समावेश होता. नांगर किती इंच खोल गेला, यावर लक्षावधी डॉलरचा निकाल ठरावा, ही गोष्ट हजारो शेतकऱ्यांच्या मनात घर करून राहिली.

दुसरे उदाहरण वायोमिंग राज्यातील एका पशुपालकाचे. त्याने राज्य शासनाची परवानगी घेऊन आपल्या जागेतील ओढ्यावर गुरांसाठी तळे बांधले. केंद्राच्या संस्थेने २०१४ मध्ये त्याला पूर्वस्थिती आणण्याचा आदेश दिला. आदेश न पाळल्यास दिवसाला ३७,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल, असे बजावले. २०१६ मध्ये दंडाविना तडजोड झाली, काठावर झाडे लावायची आणि गुरांचा वावर मर्यादित ठेवायचा, एवढ्यावर प्रकरण मिटले. म्हणजे जे शेवटी सामोपचाराने झाले ते आरंभीही होऊ शकले असते. राज्य एक सांगते, केंद्र दुसरे सांगते आणि मधल्या मध्ये माणूस भरडला जातो. संघराज्यातील सामान्य नागरिकाची ही नेहमीची व्यथा आहे.

परवाना घेऊनच काम करावे, असेही कोणी म्हणेल. परंतु परवान्याचीही किंमत असते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या एका निकालपत्रात उद्धृत केलेल्या अभ्यासानुसार, स्वतंत्र परवाना मिळण्यास अर्जदाराला सरासरी ७८८ दिवस लागत आणि २,७१,५९६ डॉलर खर्च येई. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने हा व्यवसायाचा खर्च असतो. कुटुंबाच्या बळावर शेती करणाऱ्याच्या दृष्टीने तो शेतीचा शेवट असतो. नियम जितका संदिग्ध, तितका तो सधनाच्या सोयीचा आणि अल्पभूधारकाच्या गळ्याचा फास, हा नियम सार्वत्रिक आहे.

न्यायालयाचे हेलकावे

सर्वोच्च न्यायालयाची वाटचालही सरळ रेषेत झालेली नाही. १९८५ मध्ये मिशिगन राज्यातील ‘रिव्हरसाइड बेव्ह्यू’ प्रकरणात नौकानयनयोग्य पाण्याला लागून असलेली पाणथळ जमीन कायद्याच्या कक्षेत येते, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. २००१ मध्ये इलिनॉय राज्यातील वाळू-खडीच्या जुन्या खाणीत साठलेल्या तळ्यांचा प्रश्न आला. तेव्हा पाच विरुद्ध चार मतांनी स्थलांतरित पक्ष्यांचा युक्तिवाद फेटाळला गेला.

२००६ च्या ‘रापानोस’ निकालाने तर गोंधळात भरच घातली. नऊ न्यायाधीशांपैकी कोणत्याच एका भूमिकेला पाचांचा पाठिंबा मिळाला नाही. न्या. स्कॅलिया आणि अन्य तिघांच्या मते, तुलनेने कायम वाहणारे किंवा साठलेले पाणी आणि त्याला पृष्ठभागावर अखंड जोडलेली पाणथळ जागा एवढेच कायद्याच्या कक्षेत येते. न्या. केनेडी यांनी एकट्याने वेगळी कसोटी मांडली : त्या पाण्याचा मोठ्या नदीशी ‘लक्षणीय संबंध’ आहे काय, हे पाहावे. उरलेले चार सरकारच्या बाजूचे. पुढील सुमारे सतरा वर्षे ‘लक्षणीय संबंध’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात गेली. शेतातील ओहोळाचा दूरच्या नदीशी संबंध लक्षणीय आहे की नगण्य, हे प्रत्येक प्रकरणी अधिकाऱ्याने ठरवायचे, म्हणजे शेतकऱ्याला अगोदर काहीच कळायचे नाही.

ही अनिश्चितता दूर करण्यासाठी ओबामा प्रशासनाने २०१५ मध्ये नवी व्याख्या आणली. तळ, काठ आणि पाण्याच्या नित्य पातळीची खूण दिसेल तो प्रत्येक प्रवाह उपनदी. पूरक्षेत्रातील १,५०० फुटांच्या आतील पाणी लगतचे. काही बाबतींत ४,००० फुटांपर्यंतचे पाणी तपासणीस पात्र, असे अंतराचे आकडे तीत होते. अनेक चर वगळलेलेही होते. परंतु वगळलेला चर कोणता आणि पकडलेला कोणता, हे समजण्यासाठी पुन्हा तज्ज्ञच हवा होता. मसुद्यावर दहा लाखांहून अधिक सूचना व हरकती आल्या. ‘अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन’ या शेतकरी संघटनेने हा नियम मागे घ्यावा म्हणून देशव्यापी मोहीम चालवली. अनेक राज्ये न्यायालयात गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नियमाला देशभर स्थगिती मिळाली. पुढे ती उठली तेव्हा काही राज्यांत नवा नियम आणि काही राज्यांत जुना, अशी स्थिती झाली.

त्यानंतर लंबक उलट दिशेला गेला. ट्रम्प प्रशासनाने २०१९ मध्ये तो नियम रद्द केला आणि २०२० मध्ये संकुचित व्याख्या आणली. केवळ पावसानंतर वाहणारे ओहोळ तिने वगळले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातील न्यायालयाने ती रद्दबातल केली. बायडेन प्रशासनाने २०२३ च्या जानेवारीत पुन्हा वेगळी व्याख्या प्रसिद्ध केली. आठ वर्षांत तीन व्याख्या! फळबाग लावणारा शेतकरी पंचवीस वर्षांचा विचार करून झाड लावतो. त्या एका झाडाच्या आयुष्यात पाण्याची व्याख्या किती वेळा बदलावी?

सॅकेट दांपत्याचा पाऊण एकर

अखेर या वादाला निर्णायक वळण मिळाले ते एका साध्या भूखंडामुळे. मायकेल आणि शॅन्टेल सॅकेट या दांपत्याने २००४ मध्ये आयडाहो राज्यातील प्रीस्ट सरोवराजवळ पाऊण एकराहूनही लहान जागा घेतली. २००७ मध्ये घर बांधण्यासाठी त्यांनी भराव टाकण्यास आरंभ केला आणि ई.पी.ए.चा आदेश आला : ही जागा पाणथळ आहे, भराव काढा, अन्यथा दिवसाला चाळीस हजार डॉलरहून अधिक दंड होईल. त्या जागेचा सरोवराशी संबंध कसा लावला होता, तेही पाहण्यासारखे आहे. तीस फुटी रस्त्यापलीकडे एक चर, तो चर एका लहान प्रवाहाला मिळतो आणि तो प्रवाह सरोवराला.

पहिला झगडा तर केवळ न्यायालयाचे दार ठोठावण्याच्या अधिकारासाठी करावा लागला. आदेश अंतिम नाही, म्हणून दाद मागता येणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दाद मागण्याचा अधिकार मान्य केला. मूळ प्रश्नावर निकाल लागला तो २५ मे २०२३ रोजी. सॅकेट दांपत्याची जागा कायद्याच्या कक्षेत येत नाही, यावर सर्व नऊ न्यायाधीशांचे एकमत झाले. कसोटी कोणती असावी, यावर मात्र पाच विरुद्ध चार असे मतभेद राहिले. न्या. ॲलिटो यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ‘लक्षणीय संबंध’ ही कसोटी निकालात काढली. पाणी तुलनेने कायम असले पाहिजे आणि पाणथळ जागा त्याला पृष्ठभागावर अशी अखंड जोडलेली असली पाहिजे की, पाणी कोठे संपते आणि पाणथळ कोठे सुरू होते हे सांगणे कठीण व्हावे. न्या. कॅव्हनॉ यांनी वेगळे मत नोंदवताना विचारले की, नदी आणि पाणथळ यांच्यामध्ये केवळ पूररोधक बांध आहे म्हणून मिसिसिपीकाठच्या पाणथळ जागांचे संरक्षण जाणार काय? हा प्रश्नही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

निकालानंतर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नियम दुरुस्त करण्यात आला, पण न्यायालयीन स्थगितींमुळे निम्म्याहून अधिक राज्यांत २०१५ पूर्वीची व्यवस्था निकालाशी जुळवून आणि उरलेल्या राज्यांत दुरुस्त नियम, अशी विभागणी झाली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ट्रम्प प्रशासनाने आणखी एका व्याख्येचा मसुदा पुढे आणला. केंद्राने मोकळी केलेली जागा राज्यांनी भरावयाची की नाही, हेही राज्यागणिक वेगळे ठरत आहे. कोलोरॅडोने २०२४ मध्ये स्वतःचा संरक्षक कायदा केला. नॉर्थ कॅरोलिनाने २०२३ मध्ये आपले नियम केंद्राच्या मर्यादेपुरते आखडून घेतले.

नदीच्या खालच्या अंगाला

येथवरचे कथन ऐकून शेतकरी सर्वस्वी बरोबर आणि सरकार सर्वस्वी चूक, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु नदीला वरचा काठ असतो तसा खालचाही असतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ४८ राज्यांत १७८० च्या दशकात सुमारे २२ कोटी एकर पाणथळ जमीन होती. दोनशे वर्षांत तिच्यापैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाली. पाणथळ जमीन पुराचे पाणी शोषते, गाळ अडवते, पाणी गाळून पुढे सोडते. वरच्या शेतकऱ्याने ती बुजवली तर खालच्या शेतकऱ्याच्या घरात पूर शिरतो. त्या खालच्या शेतकऱ्याचाही मालमत्तेचा अधिकार आहेच.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतील टोलेडो शहराच्या चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. इरी सरोवरात शेवाळ माजून विष तयार झाले होते आणि त्या शेवाळाचे मोठे खाद्य होते शेतांतून वाहून आलेले फॉस्फरस. मिसिसिपी नदी खतांतील नत्र वाहून नेते आणि दर उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातात प्राणवायूविना मृतवत झालेला पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये त्याचे क्षेत्र ८,७७६ चौरस मैल मोजले गेले. आयोवातील डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये शेतीच्या निचरा जिल्ह्यांविरुद्ध दावा लावला, कारण जमिनीखालील निचऱ्याच्या नळ्यांतून येणारे नायट्रेट काढण्याचा भुर्दंड नगरवासीयांवर पडत होता. २०१७ मध्ये तो दावा फेटाळला गेला.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. शेतातील लहानशा खळग्यावर नांगर गेला तर लक्षावधींचा दंड, आणि लाखो एकरांवरून वाहून जाणारे खत मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर. कायद्याला जे पकडणे सोपे ते तो पकडतो. जे खरोखर घातक ते त्याच्या जाळ्यातून निसटते. व्याख्येवर पन्नास वर्षे भांडण चालले, आणि पाण्याचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

आपल्या कायद्यातील शब्द

भारतीय वाचकाला यातून काय घेण्यासारखे आहे? पहिली गोष्ट म्हणजे आपल्या कायद्यातील व्याख्या अधिक व्यापक आहेत आणि त्या फारशा कोणी वाचलेल्या नाहीत. आपल्या राज्यघटनेत पाणी, सिंचन, निचरा हे विषय राज्य सूचीतील १७ व्या क्रमांकावर आहेत. आंतरराज्यीय नद्यांचे नियमन संघ सूचीत ५६ व्या क्रमांकावर. त्यामुळेच १९७४ चा जलप्रदूषण कायदा संसदेला राज्यांच्या ठरावांच्या आधारे, अनुच्छेद २५२ खाली करावा लागला. महाराष्ट्राने तर त्यापूर्वी १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. १९७४ च्या कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत नदी येते. वाहता असो वा त्या वेळी कोरडा, असा जलमार्ग येतो. नैसर्गिक वा कृत्रिम अंतर्गत जलसाठा येतो. भूगर्भातील पाणीही येते. अमेरिकेत ज्या कोरड्या ओहोळावर पन्नास वर्षे खल चालला, त्याचा निर्णय आपल्या कायद्याने एका उपवाक्यात करून टाकला आहे.

पाणथळ जागांसाठी आपल्याकडे २०१० मध्ये आणि नंतर २०१७ मध्ये केंद्राचे नियम झाले. २०१७ च्या नियमांनी नदीचे पात्र, भातखाचरे आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन, मीठ उत्पादन अशा कामांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले. कोकणातील भातशेतकऱ्याला या एका वगळण्याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. भातखाचरात चार महिने पाणी उभे असते. तो शब्द नियमात नसता तर प्रत्येक खाचर वादग्रस्त ठरले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रह नकाशांवरून नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाचे तत्त्व लागू केले. या जागा जमिनीवर कोठे आहेत, त्यांची हद्द कोठून कोठवर जाते, त्यात कोणाची शेती येते, हे ठरवण्याचे काम गावपातळीवर व्हावयाचे आहे. ते काम गावाला विश्वासात न घेता झाले, तर तेहामा आणि प्रीस्ट सरोवर येथील कथा आपल्या तालुक्यांत घडायला वेळ लागणार नाही.

राज्य आणि व्यक्ती यांच्या मध्ये

या संपूर्ण वादाच्या मुळाशी एक वैचारिक उणीव आहे. त्यात दोनच पक्ष दिसतात : एका बाजूला सर्वाधिकारी राज्य आणि दुसऱ्या बाजूला आपल्या मालमत्तेचे कुंपण घालून उभी असलेली एकटी व्यक्ती. राज्य म्हणते, सारे पाणी माझे. व्यक्ती म्हणते, माझ्या कुंपणाच्या आत तुझे काय काम? या दोघांच्या मध्ये जो समाज असतो, गाव असते, नदीकाठाने बांधलेला समुदाय असतो, त्याला या भांडणात जवळजवळ स्थानच नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या एकात्म मानवदर्शनाचा गाभा हाच आहे की, व्यक्ती आणि समाज हे परस्परविरोधी पक्ष नव्हेत आणि राज्य हे समाजाच्या अनेक संस्थांपैकी एक आहे, सर्वस्व नव्हे.

ही केवळ तत्त्वचर्चा नाही. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम अशा नद्यांवर शतकानुशतके चाललेली फड पद्धती हा त्याचा पुरावा आहे. बंधाऱ्यातून पाट निघे, लाभक्षेत्राचे फड पाडलेले असत, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवत, पाटकरी पाणी फिरवत असे आणि टंचाईच्या वर्षी तुटीचा वाटा सर्वजण उचलत. पाणी कोणाचे, हा प्रश्न तेथे न्यायालयात गेला नाही, कारण पाणी सर्वांचे आणि जबाबदारीही सर्वांची, हे उत्तर व्यवस्थेतच गुंफलेले होते. आपल्या काळातील उदाहरण हवे असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे घ्यावे. सिंचनासाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची, हे बंधन त्या गावाने स्वतःवर घालून घेतले. हाच नियम वरून अध्यादेशाने आला असता तर त्याला पळवाटा शोधल्या गेल्या असत्या. गावाने घातला म्हणून तो पाळला गेला.

याचा अर्थ कायदा नको, असा नाही. कारखान्याचे विषारी पाणी अडवायला दंडाचेच सामर्थ्य लागते. तेथे ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. परंतु कायदा कोणता, तो कोणासाठी, आणि त्याचे शब्द कोणी व कोठे बसून लिहायचे, याविषयी समाजाने जागृत असले पाहिजे. अमेरिकेच्या शेतकरी संघटनेकडून एक गोष्ट निश्चित शिकावी : तिने मसुदा गावोगाव नेला, समजावून सांगितला आणि मुदतीच्या आत आपले म्हणणे नोंदवले. आपल्याकडेही पर्यावरणविषयक नियमांचे मसुदे राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि हरकतींसाठी साधारणतः साठ दिवसांची मुदत असते. त्या साठ दिवसांत किती गावांत तो मसुदा वाचला जातो? किती सुशिक्षित कुटुंबे आपल्या गावाकडील भाऊबंदांना त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगतात?

शहरात स्थिरावलेल्या मध्यमवर्गाला येथे मोठे काम आहे. इंग्रजी वाचता येणारा, राजपत्र शोधता येणारा, अर्ज लिहिता येणारा माणूस प्रत्येक गावाला हवा आहे, आणि असे अनेकजण त्याच गावातून शिकून बाहेर पडलेले आहेत. गावाचा ओढा, तळे, पाणथळ यांची यादी ग्रामसभेत वाचून पक्की करणे, खळग्यांचे आणि चरांचे नकाशे शेतकऱ्यांसमवेत फिरून तयार करणे, अतिक्रमण कोणाचे आणि वहिवाट कोणाची याचा निवाडा शक्यतो गावातच करणे, ही कामे कार्यकर्त्यांच्या हातची आहेत. त्याचबरोबर खतांचा अतिरेक थांबवून, बांधावर गवत राखून, पाणी आपल्या शिवारातच मुरवून, खालच्या गावाचे पाणी स्वच्छ राखणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आहे. अधिकार मागणाऱ्याच्या तोंडी कर्तव्याची भाषा असली तरच त्याच्या शब्दाला वजन येते.

मराठी माणसाकडे पाण्यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. नदी, ओढा, ओहोळ, नाला, पाट, चर, तळे, डोह, डबके, दलदल, पाणथळ. प्रत्येक शब्दाला त्याची जागा आहे, त्याची मर्यादा आहे आणि गावातील प्रत्येकाला ती कळते. ही श्रीमंती पिढ्यांच्या सहवासातून आली आहे. उद्याचे जलकायदे लिहिताना हे शब्द आणि ते जगणारी माणसे मसुद्याच्या मेजापर्यंत पोहोचली पाहिजेत. ती पोहोचली नाहीत, तर आपल्या शिवारातील ओहोळाला काय म्हणायचे, हे दूरच्या कार्यालयात बसलेला कोणी तरी ठरवील, आणि ते समजून घेण्यासाठी आपल्याला वकील लावावा लागेल.